ताट झाकून ठेवा

दवाखान्याच्या तळघरात रेंज येत नाय, म्हणून रक्त धुवायच्या मशीनच्या दिवशी ह्यांचा फोन माझ्याकडं असायचा. वर गाड्या उतरायला सिमेंटचा उतार केलेला हाय, त्याच्या कडंला मी पोरीला मांडीवर घेऊन बसायची. खाली माझा नवरा पलंगावर, एका नळीतून रक्त बाहेर अन् दुसरीतून आत, अन् वर माझ्या हातात त्यांचा फोन, अन् त्या फोनात त्यांच्या कबड्डीच्या ग्रुपातली सगळी माणसं. ह्यांच्या किडन्या निकामी झाल्यापासून आमचं असंच चाललेलं. मला भ्या वाटायचं. फोन वाजला तरी, नाय वाजला तरी.

ग्रुपातली माणसं सगळी वाळूजच्या कंपनीतली, ह्यांच्याच बरोबरची. बहुतेक खेड्यातून आलेली, अन् आपापल्या गावात कबड्डी खेळलेली. हे बी खेळायचे. चढाई करायचे. लग्न ठरताना आमच्या फुलंब्रीकडच्या माणसांनी माझ्या बापाला तेवढंच सांगितलं होतं, पोरगा दमाचा हाय. आता पायऱ्या चढले तरी मधी थांबून भिंतीला हात लावत्यात.

तर त्या ग्रुपात एक कायदा होता, तो सांगितल्याबिगर पुढचं कळायचं नाय. कंपनीत फोन आत नेऊ देत नायत, गेटावर जमा करावा लागतो. दुसऱ्या पाळीवाला सुटला, फोन चालू केला, की टण टण टण, टीव्हीवरच्या सामन्याचा सगळा निकाल आधीच तोंडावर. मंग घरी जाऊन बघायचं काय? यावरून लई भांडणं झाली म्हणं. मंग गारखेड्याचे एक वयस्कर भाऊ हायत, ते गावोगाव पंच म्हणून जायचे, ग्रुप त्यांनीच काढलेला, त्यांनी नियम घातला. पाळीवर जाणाऱ्यानं जायच्या आधी लिहायचं, ‘ताट झाकून ठेवा.’ मंग तो घरी जाऊन सामना बघून ‘जेवलो’ असं लिहीपर्यंत कुणीच काय बोलायचं नाय. गुण नाय, हसरं तोंड नाय, रडकं तोंड नाय, फोटो बी बदलायचा नाय. जो उघडल त्याला पंगतीतून उठवायचं, म्हणजे ग्रुपातून काढायचं, अन् मंग सगळ्यांना गेटावर भजी चारल्याबिगर परत घ्यायचं नाय.

एकदा एकानं निस्ता जिलबीचा फोटो टाकला, एक शब्द न लिहिता. पंच भाऊंनी त्याला लगेच उठवलं. तो फोन करून भांडला, म्हणला माझ्या पोराचा वाढदिवस हाय. भाऊ म्हणले, जन्माचा दाखला टाक. त्या येड्यानं खरंच टाकला, अन् दाखल्यावर महिना दुसराच. ते आठवून हे जेवताना बी हसायचे, ठसका लागायचा.

हे तर ग्रुपाच्या बी वरताण. सामना असला की घरी यायच्या आधी मला फोन, टीव्ही लावू नको. पडेगावात आमच्या खोलीच्या शेजारी एक काका हायत, त्यांचा आवाज मोठा, तर त्यांच्या दारावरून येताना हे दोन्ही कानात बोटं घालून यायचे. बायका हसायच्या. मला लाज वाटायची अन् बरं बी वाटायचं.

एकदा विचारलं मी, कळलं तर कळलं, त्यात काय एवढं, जे व्हायचं ते होऊन गेलेलंच हाय ना. तर म्हणले, “जोवर आपल्याला कळत नाय तोवर खेळ चालू हाय.”

मंग पाय सुजायला लागले. आम्हाला वाटलं उभं राहून राहून. मंग तोंड सुजलं. मंग एक दिवस कंपनीत चक्कर येऊन पडले अन् तिथून सगळं सुरू झालं. रक्त चढवलं, गळ्यात नळी, मंग सुया घालायला हातातली शीर फुगवली, अन् आठवड्यातून दोनदा मशीन. कंपनीतलं काम सुटल्यातच जमा. ग्रुप तेवढा राहिला. मशीनच्या दिवशी रिक्षात बसल्या बसल्या हे लिहायचे, आज मशीन, ताट झाकून ठेवा.

अन् ती माणसं खरंच झाकून ठेवायची. सगळ्यांनी बघितलेलं असायचं, एकटे हेच राहिलेले, मशीननंतर थकून सकाळीच बघायचे, तरी तोवर सगळे गुमान. मी उतारावर बसून बघायची. नावाच्या खाली ‘टाइप करतोय’ असं यायचं, अन् जायचं. परत यायचं, परत जायचं. कुणाला तरी दम निघत नसायचा, लिहायचा अन् खोडायचा. एका माणसासाठी एवढी माणसं तोंड दाबून बसलेली. मला वाटायचं, एवढ्यांनी धरून ठेवलंय म्हणल्यावर माणूस कुठं जाईल.

निकाल मात्र मला कळायचाच. उतारावरचा वॉचमन फोनवर मोठ्यानं सामना लावायचा. मंग हे वर आले की माझं तोंड बघायचे नायत. मला म्हणायचे तू पुढं चाल. रिक्षावाल्याला आधीच सांगायचे, “भैय्या, मैच का कुछ बोलना मत, मेरेकू कल देखने का है.” रिक्षावाला म्हणायचा, मेरेकू कबड्डी का क्या मालूम भाई, अन् मंग सगळा रस्ता कुणी सामन्याचं नाव काढायचं नाय. छावणीतून रिक्षा जायची, पोरगी झोपलेली, अन् मी मुद्दाम मेथीच्या भाजीबद्दल काहीतरी बोलायची.

डॉक्टर म्हणले, किडनी बदलली तर माणूस उभा राहील. सासूनं आधी स्वतःचा हात पुढं केला. गावाकडून आली, म्हणली माझी घ्या, मला आता काय करायची. पण तिला शुगर, नाय म्हणले. दुसरं कुणी नाय, हे एकटेच. मंग मी म्हणलं माझी. म्हणलं खरं, पण घरी येऊन मोरीचं दार लावून बसले. मी आठवीत शाळा सोडलेली बाई, मला एवढंच म्हाईत की पोट फाडत्यात. अन् पोरगी चार वर्षांची. माझं काय झालं तर, ह्यांचं काय झालं तर, दोघांचं झालं तर. पण रक्ताचा गट एकच निघाला अन् सगळे म्हणायला लागले, देवानं जोडी बघूनच बांधली. मंग तपासण्या सुरू झाल्या. शेवटी एक तपासणी होती, ह्यांचं रक्त अन् माझं रक्त एकत्र ठेवून बघत्यात, पटतंय का नाय. त्याच्यावर सगळं होतं.

रक्त दिलं त्या दिवशी घरी येताना हे म्हणले, निकाल आला तर तुलाच सांगतील, मी खाली असणार. मला सांगू नको. मी विचारीन तवा सांग.

मी म्हणलं, हे काय कबड्डी हाय का?

ते म्हणले, “ताट झाकून ठेव. एवढं कर माझ्यासाठी.”

मी व्हय म्हणलं. कामून म्हणलं असंल? मला वाटलं, चांगलाच निकाल येणार, अन् मी कुठवर लपवणार, दारातच कळंल त्यांना.

निकाल आला त्या दिवशी बी मशीन होतं. ज्या सिस्टर किडनीचं सगळं बघायच्या त्या स्वतः वर आल्या, उताराच्या कठड्यावर माझ्या शेजारी बसल्या. बसल्या तवाच मला कळलं. चांगलं असतं तर उभ्यानं सांगितलं असतं. त्या म्हणल्या, त्यांना आधी रक्त चढवलंय ना, त्यामुळं त्यांच्या अंगात असं काहीतरी तयार झालंय की तुझी किडनी बसवली तर अंग ती टिकूच देणार नाय. मी म्हणलं दुसऱ्यांदा बघा. म्हणल्या, दोनदा बघितलं. मी म्हणलं मंग काय? तर म्हणल्या, मेलेल्या माणसाच्या मिळत्यात, त्यासाठी नाव लावू, पण लई लोक हायत, अन् ह्यांच्या अंगातलं हे असं, त्यामुळं ती बी जुळायला अवघड. हिंमत ठेव. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला अन् खाली गेल्या.

माझं पोट आता कुणी फाडणार नव्हतं. तरी भ्या गेलं नाय, निस्तं जागा बदलून बसलं.

हे वर आले. मी तोंड फिरवून पुढं चालायला लागले, रोजच्यासारखी. त्या दिवशी सेमीफायनल होती, त्यामुळं त्यांना वाटलं मी सामन्याचंच लपवतेय. रिक्षात म्हणले, तुझी पाठ बी बघायची सोय नाय आज, पाठीवरून बी कळतंय. अन् हसले. मी मेथीचं काय बोलले ते मला आठवत नाय.

सकाळी त्यांनी सेमीफायनल बघितली, पोरीला कुशीत घेऊन. मी चहा केला. आपली टीम एका गुणानं जिंकली. ज्या हातात सुया खुपसत्यात तो हात जपून, दुसऱ्या हातानं त्यांनी पोरीला वर उचललं अन् दम लागला म्हणून लगेच खाली ठेवलं. मंग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता विचारत्यात. त्यांनी कप पुढं केला, अजून हाय का म्हणले.

विचारलंच नाय. त्या दिवशी नाय, दुसऱ्या दिवशी नाय. सासूचा फोन यायचा, निकाल आला का गं, मी म्हणायची नाय आला. सिस्टर म्हणायच्या, त्यांना सांगितलं का, नाव लावायला त्यांची बी सही लागंल, मी म्हणायची सांगते. पीठ मळताना हात थांबायचा. झोपेत बोलते की काय म्हणून मी भिंतीकडं तोंड करून तोंडात पदर धरून झोपायची. आमच्यात कुणाशी बोलावं तर माहेरी आई रडत बसंल अन् सगळ्या गल्लीला कळंल. मला कुणीतरी पाहिजे होतं ज्याला हे लपवायचं कसं ते कळतं. अन् मला एकच माणूस सुचला.

फायनलच्या दिवशी हे खाली गेले अन् मी उतारावरून ह्यांच्या फोनवरून गारखेड्याच्या पंच भाऊंना फोन लावला. मला लिहायला येतं पण हळू, त्यापेक्षा बोललेलं बरं. भाऊंना वाटलं हेच बोलतायत, म्हणले, “बोल रे पैलवान.”

मी म्हणलं, “भाऊ, मी बोलते. एक विचारायचं होतं. एखाद्यानं ताट झाकायला सांगितलं अन् जेवलो असं कधी लिहिलंच नाय, तर कुठवर झाकून ठेवायचं?”

भाऊ म्हणले, “पुढचा सामना सुरू व्हायच्या आत सांगून टाकायचं, वहिनी. नायतर त्याला बाहेरून कळतं. अन् बाहेरून कळलं की आपल्या माणसांवरचा भरोसा जातो.” मंग विचारलं, “कुणाचं ताट हाय?”

मी म्हणलं, “आसंच विचारलं.”

मागं कंपनीच्या गेटावरचा भोंगा ऐकू येत होता. पाळी सुटून फोन नुकताच हातात आला असंल. मंग हळू आवाजात म्हणले, “पोरगं खाली हाय का आत्ता?” मी व्हय म्हणलं. म्हणले, “ठेवतो, वहिनी. तब्येतीला जप.” अन् ठेवला.

संध्याकाळी वॉचमनच्या फोनवर फायनल लागली. शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरी. अन् आपण जिंकलो. वॉचमन खुर्चीवरून उठून नाचला, पोरगी बी त्याच्याबरोबर नाचली. मी ग्रुप उघडून बघितला. काय नाय. ‘टाइप करतोय’ बी कुणाच्या नावाखाली येईना. मला वाटलं किती चांगली माणसं, फायनल जिंकली तरी कुणी बोट हलवंना.

सकाळी ह्यांनी ग्रुपाकडं न बघता आधी सामना लावला. पूर्ण बघितला, जाहिराती बी पुढं ढकलल्या नायत. शेवटच्या चढाईला त्यांनी स्वतःचा श्वास धरून ठेवला, मला दिसलं, छाती फुगवून बसलेले, तो खेळाडू रेघेला पोचला तवाच सोडला. मंग टाळ्या पिटल्या. डोळ्याला पाणी आलं होतं. मला म्हणले, “तुला म्हाईत होतं अन् तू काय बी दाखवलं नाय. पक्की झाली तू.”

मंग ग्रुप उघडून त्यांनी लिहिलं, ‘जेवलो.’

एरवी असं लिहिलं की धबधबा सुटायचा. रात्रभर दाबून ठेवलेलं सगळं, शिव्या, जोक, गाणी, नाचणारी माणसं, फोन गरम व्हायचा. हे फोन हातात धरून हसऱ्या तोंडानं वाट बघत बसले. काय येईना. मंग एकाचे जोडलेले हात आले. निस्ते हात, पूजेसारखे. मंग दुसऱ्याचे. मंग एकाखाली एक सगळ्यांचेच हात जोडलेले.

हे बघत राहिले. त्यांच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला.

“जिंकल्यावर कुणी हात जोडतं का?” म्हणले.

मी गॅसकडं तोंड करून उभी. ते म्हणले, “तू कुणाला काय सांगितलं?”

“सांगितलं नाय,” मी म्हणलं. “निस्तं विचारलं.”

काय विचारलं ते बी सांगितलं. त्यांनी फोन पालथा ठेवला. पोरगी म्हणत होती परत लावा, परत लावा.

“जुळली नाय,” ते म्हणले. विचारल्यासारखं नाय, वाचल्यासारखं.

“नाय.”

“मंग सेमीफायनल बघताना तुला म्हाईत होतं.”

“व्हय.”

“अन् तू चहा दिला.”

“व्हय.”

मला वाटलं होतं रागावतील, काहीतरी फेकतील, मी पोरीला मागं बी ओढलं होतं. पण ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. शेजारचे काका बाहेर दात घासत होते, ते ओरडून म्हणले, काय पैलवान, जिंकलो की. ह्यांनी कानात बोटं घातली नायत. व्हय काका, जिंकलो, म्हणले.

त्या ग्रुपातल्या माणसांना मी काय बोलू? त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. पंच भाऊंनी ग्रुपाबाहेर एकेकाला एवढंच लिहिलं असंल की आपल्या माणसाच्या घरात वाईट झालंय, दंगा करू नका. चांगल्या मनानंच. ज्यांना एवढी वर्षं आनंद लपवायची सवय, त्यांना दुःख लपवता आलं नाय.

त्याच दिवशी ह्यांनी ग्रुपावर लिहिलं, माझ्यासाठी कुणी थांबू नका, मशीन असू द्या नाय तर नसू द्या, जे होईल ते लगेच सांगत जा. भाऊंचा फोन आला, ह्यांनी उचलला नाय. परत आला, मी बघितलं, ह्यांनी बी बघितलं, वाजून वाजून बंद झाला.

आता सामने असले की उतारावर फोन टण टण वाजतो. तिकडं गुण पडला की इकडं येतो. हे वर आले की माझ्याकडं सरळ बघत्यात अन् विचारत्यात, किती किती? मी सांगते. बरं, म्हणत्यात. सकाळी बघत नायत. पोरगी सामना लावा म्हणून मागं लागते, तर म्हणत्यात, झालाय तो.

अन् आता त्यांना सगळं आधीच पाहिजे. सिस्टरला विचारत्यात, रक्तातला आकडा किती, मागच्या वेळी किती होता, किती झाला की काय होतं. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे यायचे, ते यायचे थांबले, तर विचारून आले ते कुठं गेले, अन् मला रिक्षात सांगितलं. हातातली फुगवलेली शीर कवा बंद पडू शकते, मंग कुठं सुई घालत्यात, ते बी विचारलं. मशीनवर माणूस किती वर्षं काढतो ते विचारलं. मला म्हणले, सांगू का? मी नको म्हणलं. तरी सांगितलं. नाव लावायच्या कागदावर त्यांनी सही केली, पण वाट बघितल्यासारखं काय दिसत नाय त्यांच्यात. दवाखान्यातून फोन आला तर मीच धडपडते. ते पडून राहत्यात.

परवा रिक्षात म्हणले, माझ्यामागं या खोलीवर राहू नको, एकटीला भाडं परवडायचं नाय. फुलंब्रीला जा. पोरीला तिथल्याच शाळेत घाल. तिच्या आधार कार्डावरचा पत्ता आत्ताच तिकडचा करून घे, नंतर एकटीला लई खेटे घालावे लागतील.

मी म्हणलं, पोरीसमोर नका ओ बोलू.

“नंतर कुणी बी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं,” म्हणले.

पोरगी जागी होती. आमच्या दोघांच्या मधी बसून ती पायातल्या चपलेचा पट्टा उघडत होती, लावत होती. चार वर्षांचं लेकरू काय बोलणार, पण तिनं विचारलं बी नाय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, पत्त्याचं केलं का? मी म्हणलं, गेले होते, लई रांग होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, मी म्हणलं, त्यांचं मशीन बंद होतं.

मी गेलेच नाय. ते आधारचं केंद्र आमच्या खोलीपासून लांब बी नाय, चौकातच हाय, पोरीला घेऊन दूध आणायला मी रोज त्याच्यावरून जाते. आत दोन-तीन माणसं बसलेली असत्यात. मी पोरीचा हात धरते अन् पुढं निघून जाते.